भूकंपानंतरची 13 मिनिटं

पापुआ न्यू गिनीचा उत्तर किनारा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सिसानोचं खाजण आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेली गावं.

17 जुलै 1998. संध्याकाळचे सात वाजायला थोडा वेळ होता. जमीन हादरली. वीसेक मिनिटांत समुद्र चालून आला. लाटा 10 ते 15 मीटर. दोन हजारांहून अधिक माणसं गेली.

शास्त्रज्ञांचं गणित मात्र बसेना. 7 रिश्टरच्या भूकंपातून एवढी लाट? मोजणी करणारे गावोगाव फिरले. सोललेली खोडं, फांद्यांत अडकलेला कचरा, पाणी चढल्याच्या खुणा. आता या खुणांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात उंच लाटा किनाऱ्याच्या जेमतेम 25-30 किलोमीटरांत. बाजूला सरकलं की उंची झपाट्याने उतरते. म्हणजे पाणी उसळलं ते जवळच, आणि एकाच जागी.

पुरावा सापडला तो हजारो किलोमीटरांवर, प्रशांत महासागरातल्या वेक बेटाजवळ. तिथल्या हायड्रोफोननी, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोननी, भूकंपानंतर 13 मिनिटांनी आणखी एक आवाज टिपला होता. जोर कमी, पण रेंगाळलेला. खडक तुटतो तो कडकन. हे काहीतरी घरंगळत होतं: समुद्राच्या तळावर सुटलेली दरड.

(1929 साली कॅनडाजवळ अशीच दरड सुटली, तेव्हा कान लावून बसलेलं कोणी नव्हतं. तळावरच्या तारायंत्राच्या केबल एकामागून एक तुटल्या. गाळ किती वेगाने धावला, ते पुढे त्या वेळांवरूनच काढलं.)

जानेवारी 1999. जपानचं ‘काइरेई’ जहाज सिसानोसमोर आलं. तळाकडे पंख्यासारखे ध्वनीचे झोत सोडायचे, प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागला ते मोजायचं; असा पट्ट्यापट्ट्याने नकाशा भरत गेला. त्यात उमटला सुपासारखा एक प्रचंड खळगा. मागून कॅमेरा असलेलं यंत्र खाली सोडलं. ताज्या भेगा, धारदार कडांचे दगड. जुनी दरड असती, तर गाळाने कडा केव्हाच बुजवल्या असत्या.

सगळ्यांना हे लगेच पटलं असं नाही. वाद बराच चालला. पण संगणकावर ही दरड भूकंपाच्या क्षणीच सोडली, तर लाट फार लवकर किनाऱ्याला लागते. 13 मिनिटं थांबून सोडली, की ती वाचलेल्या गावकऱ्यांनी सांगितलेल्या वेळेला येते.