छपरावरचं ऊन आणि रस्त्यावरचा ट्रक

श्रोतेहो, नमस्कार.

भर दुपारी साडेबाराला एखाद्या मोठ्या गोदामाच्या छपरावर उभं राहिलं, की पत्र्याचा चटका बुटातूनही जाणवतो. समोर सौर पॅनेलच्या रांगाच रांगा, पार दुसऱ्या टोकापर्यंत. पॅनेलची वीज वापरण्याजोगी करून देणारे इन्व्हर्टर खाली भिंतीवर असतात; त्यांचे पंखे जोरात फिरत असतात आणि त्यांच्या स्क्रीनवर दिवसातला सगळ्यात मोठा आकडा दिसत असतो. अशा वेळी खाली वाकून आवारात पाहावं, तर आवार रिकामं! ज्या विजेवरच्या ट्रकांसाठी एवढा खटाटोप केला, ते सगळे माल पोहोचवायला गेलेले. संध्याकाळी सातला ते परततात, एकामागून एक चार्जरला लागतात, आणि तोवर सूर्य मावळलेला असतो.

मी या कामात आहे आणि ही चुकामूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. म्हणून आज पॅनेलपेक्षा वेळापत्रकाबद्दल जास्त बोलणार आहे.

छपरावर वीज तयार करण्याची कल्पना नवी नाही. 1884 साली चार्ल्स फ्रिट्स यांनी न्यूयॉर्कमधल्या एका छपरावर सेलेनियमची पॅनेलं बसवली होती. पडणाऱ्या उन्हातला जेमतेम एक टक्का त्यांतून विजेत उतरायचा. 1954 मध्ये बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा सौर सेल तयार झाला, तो सहा टक्क्यांपर्यंत गेला. आज बाजारात मिळणारं चांगलं पॅनेल 20 ते 22 टक्के देतं.

आता हिशेब मांडू. दहा हजार चौरस मीटरचं छप्पर घ्या. उजेडासाठी ठेवलेले पारदर्शक पत्रे, चालायच्या वाटा, कडेची मोकळी जागा सोडली तरी त्यावर एक मेगावॉट क्षमता बसते, म्हणजे साधारण 1,800 पॅनेलं. चांगलं ऊन असलेल्या भागात एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरायला हरकत नाही. एकूण झाले 4,000 युनिट. समजा त्यातले 1,200 इमारतीलाच लागले, तर उरले 2,800. जड मालाचा ट्रक किलोमीटरला सव्वा युनिटाच्या आसपास खातो. दोनशे किलोमीटरची धाव आणि चार्जिंगमधली घट मिळून एका ट्रकाला रोजचे 270 युनिट लागतात. म्हणजे एवढ्या अवाढव्य छपराच्या विजेवर दहा ट्रक चालतात. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. दहा जड ट्रक धूर न सोडता रोज दोन हजार किलोमीटर जातात, ही लहान गोष्ट नाही. पण शंभर ट्रकांचा ताफा एकाच छपरावर चालेल असं कुणी सांगत असेल, तर त्याला हाच हिशेब करायला सांगा.

इमारतीचं आणि उन्हाचं मात्र छान जुळतं. कार्यालयातली वातानुकूलन यंत्रणा किंवा शीतगृहाचे कॉम्प्रेसर यांना जास्त वीज लागते तीही दुपारीच. तिथे साठवणुकीची फारशी गरज पडत नाही, वीज छपरावरून उतरते आणि लगेच वापरली जाते. खरी अडचण ट्रकांची.

दहा ट्रक संध्याकाळी एकदम 150 किलोवॉटच्या चार्जरला लावले, तर मागणी दीड मेगावॉटवर जाते. वीज कंपनीने मंजूर केलेला भार ओलांडला जातो आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. कमाल मागणीवर, म्हणजे महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या मागणीवर, आकार लागत असेल, तर त्या एका तासाचा भुर्दंड महिनाभराच्या बिलावर बसतो. तेच ट्रक रात्रीच्या नऊ तासांत पाळीपाळीने चार्ज केले, तर 300 किलोवॉटमध्ये काम भागतं. यासाठी एक पॅनेलही वाढवावं लागत नाही.

दुपारची उरलेली वीज बॅटरीत साठवून रात्री ट्रकांना देता येते, आणि कित्येकदा ते करावंच लागतं. पण शंभर युनिट आत घातले तर बाहेर 85 ते 90 येतात, आणि ती बॅटरीही एक दिवस बदलावी लागते. म्हणून माझा आग्रह असतो, की बॅटरीचं माप ठरवण्याआधी ट्रकांच्या फेऱ्या पाहाव्यात.

एक गैरसमज वारंवार भेटतो. बाहेरचा वीजपुरवठा गेला तरी छपरावरच्या विजेवर ट्रक चार्ज होतील, असं बरेच जण धरून चालतात. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून साधा सौर इन्व्हर्टर अशा वेळी आपोआप बंद होतो, मग ऊन कितीही असो. पुरवठा गेल्यावरही चालू राहणारी यंत्रणा हवी असेल, तर ती सुरुवातीलाच मागून घ्यावी लागते.

आणि छपराकडे नीट पाहा. पॅनेलं पंचवीस वर्षं टिकणारी आहेत. पत्रे आठ वर्षांत बदलायचे असतील तर आधी ते बदला. धुळीकडेही लक्ष द्या. कमी उताराच्या छपरावर पॅनेलच्या खालच्या चौकटीशी पाणी साचतं आणि ते वाळलं, की तिथे बोटभर रुंदीची मातीची पट्टी उरते. सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे तळाची ओळ झाकली गेली की निर्मिती त्या पट्टीच्या मानाने कितीतरी जास्त घटते. ती पट्टी मी हाताने पुसली आहे आणि स्क्रीनवरचा आकडा चढताना पाहिला आहे.

शेवटी एका ताफ्याची गोष्ट सांगतो. त्यांच्याकडे चार्जर होते ते रात्री ट्रक लावायच्या भिंतीपाशी. दुपारची वीज वाया जाते म्हणून मोठी बॅटरी घ्यायची, असं जवळपास ठरलं होतं. आम्ही आधी फाटकावरची नोंदवही मागितली. पहाटे पाचला निघणारे चार ट्रक रोज साडेअकराच्या सुमाराला परत येत होते आणि पुढचा माल चढेपर्यंत दोन-दोन तास माल चढवायच्या धक्क्याला उभे राहत होते. तेही ऐन उन्हाच्या वेळी आणि चार्जरपासून लांब. शंभर किलोवॉटच्या चार्जरवर सव्वा तासात शंभर किलोमीटरची वीज भरते. दोन चार्जर तिथून काढून धक्क्यापाशी आणले. केबलसाठी चर खणला, काँक्रीट फोडावं लागलं, त्यात आठवडा गेला. त्यानंतर चालक ट्रक धक्क्याला लावायचे, खाली उतरून आधी केबल जोडायचे आणि मग जेवायला जायचे.

नमस्कार.