"फवारा लागला असन"

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेएवढी झाली की यवतमाळकडं सगळीकडं हेच दिसतं, पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा आणि ओळीओळीनं चाललेली माणसं. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, मजूर दगावले. तेव्हापासून कुणाचं डोकं दुखलं, उलटी झाली की वाक्य ठरलेलं, "फवारा लागला असन." आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.

पण फवाऱ्याचं विष बहुतेकदा त्याच दिवशी दाखवतं, घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्यापुढं धूसर होतं. आमच्या फिल्ममधले हे बाजेवर बसलेले भाऊ बघा, यांचं तसं नव्हतं, यांच्या मेंदूत गाठ होती. यांचं डोकं उठल्या उठल्या दुखायचं, ढोरं सोडायच्याही आधी. वहिनी सांगतात, "उलटी झाली का हलकं वाटे, मंग वावरात जाय. दुपारी इचारलं तं म्हणे काई नाई." खोकलं की वाढायचं, वाकलं की वाढायचं, आणि गोळी घेऊन दिवस निघायचा.

कवटी हाडाची, ती काही ताणत नाही. आत गाठ वाढली की दाब वाढतो, आडवं झोपल्यावर अजून वाढतो, म्हणून ते दुखणं सकाळी जास्त. आता घाबरून जाऊ नका, बहुतेक डोकेदुखी अर्धशिशी नाहीतर टेन्शनचीच असते. नवीन आहे, रोज वाढतेय, सोबत उलटी आहे, ती वेगळी.

आता हा व्हिडिओ. आम्ही काढलेला नाही, यांच्या पोरानं मोबाईलवर काढलाय, हलतोय, पण डॉक्टरांना सगळ्यात कामाचा हाच ठरला. डावा अंगठा बघा, आधी तोच उडतोय, मग बोटं, मग मनगट, मग तोंडाचा डावा कोपरा ओढला जातोय, आणि माणूस शुद्धीवर आहे, पोराकडं बघतोय. फिट अशी एका बाजूनं सुरू झाली की डॉक्टर मेंदूच्या उलट्या बाजूला शोधतात, म्हणजे इथं उजवीकडं. मागून आवाज येतोय ना, "चप्पल आन, चप्पल"? चपलेच्या वासानं फिट थांबत नाही हो, ती तिच्या वेळेनं थांबते. शुद्ध गेली तर कुशीवर वळवायचं, तोंडात पाणी, चमचा काही घालायचं नाही, 5 मिनिटांच्या वर गेली तर 108 ला फोन. मोठ्या माणसाला पहिल्यांदाच फिट आली तर डोक्याचा स्कॅन झालाच पाहिजे. जंताची गाठ निघेल, टीबीची निघेल, त्यावर औषध आहे, पण बघितल्याशिवाय कळणार कसं?

आणि ही डोळे तपासायची अंधारी खोली. फिल्मचा हा भाग मी मुद्दाम मोठा ठेवलाय, कारण याच्याबद्दल कुणी बोलतच नाही. डोळ्यात थेंब टाकलेत, बुबुळाचं छिद्र मोठं झालंय. डॉक्टर मॅडम किती जवळ गेल्यात बघा, नाकाला नाक लागायचं बाकी आहे. हातात ऑप्थॅल्मोस्कोप, लहान टॉर्चच म्हणा. त्या बघतायत डोळ्याची नस जिथं आतल्या पडद्यावर उघडते ती गोल जागा. एरवी तिची कड स्पष्ट असते, मेंदूतला दाब वाढला की ती फुगते, कड पुसट होते. आणि नजर तेव्हा शाबूतही असू शकते, पेशंट तक्त्यावरची खालची ओळ वाचून दाखवतो, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. सुई नाही, चिरफाड नाही. डोकेदुखीच्या प्रत्येक नव्या पेशंटचा पडदा एकदा बघायला काय हरकत आहे? सूज नाही म्हणजे गाठ नाही असं मात्र समजू नका.

वहिनींना अजून गोष्टी आठवतात. डाव्या पायातली चप्पल निसटायची. शर्टाची बटनं लावताना डावा हात साथ देईना. शांत माणूस, पोरांवर खेकसायला लागला. दुसऱ्या कुणाला बोलताना शब्द सापडत नाही, कुणाला एकाचे दोन दिसतात, गाठ कुठं आहे त्यावर ते.

एमआरआयच्या खोलीत कॅमेरा नेता येत नाही, आत प्रचंड ताकदीचं चुंबक असतं, त्यामुळं ते दृश्य नाही. नागपूरला ऑपरेशन झालं, रिपोर्ट कॅन्सरचा आला, आता लाईट, म्हणजे रेडिएशन, सुरू आहे.

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा आणि योजनेतल्या दवाखान्यात पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथं बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा.