फुरसुंगीचा बन्या आणि रायखेनबाखचा धबधबा

(दृश्य : अप्पा बळवंत चौक. पुस्तकांच्या दुकानांपुढची गर्दी.)

पुण्यात गोष्टीचं पुस्तक घ्यायचं म्हटलं की पाय अप्पा बळवंत चौकाकडे वळतात. इथं भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स मागणारे वाचक येतात, तसे फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे, मागणारेही. दोघांचे लेखक आता हयात नाहीत. पण आपल्या मानसपुत्राशी ते वागले मात्र अगदी उलट.

कॉनन डॉयलला होम्स नकोसा झाला होता. ऐतिहासिक कादंबऱ्यांनी आपलं नाव व्हावं ही त्याची हौस, आणि लोक मागत होते होम्सची नवी केस. १८९१ मध्येच त्यानं आईला कळवलं, याला संपवायचा विचार आहे. आईनं साफ विरोध केला, वर एका कथेची कल्पनाही पुरवली! होम्स तेव्हा वाचला. १८९३ च्या डिसेंबरात मात्र डॉयलनं त्याला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्यात लोटलंच.

(दृश्य : जुन्या पुस्तकाचं पान, सावकाश जवळ येणारं.)

आता हे मरण नीट वाचा. वॉटसनला कड्यापाशी पावलांचे ठसे दिसतात, काठी सापडते, चिठ्ठी सापडते. प्रेत नाही. आपल्याकडच्या हवालदारानंही असा पंचनामा मान्य केला नसता. १९०३ मध्ये होम्सला परत आणताना हीच फट कामी आली.

अगाथा ख्रिस्ती जास्त धोरणी. आपल्या गुप्तहेराचा, प्वारोचा, शेवट या लेखिकेनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून कडीकुलपात ठेवला. पुस्तक आलं १९७५ मध्ये. पुढच्या जानेवारीत बाई गेल्या.

(दृश्य : फुरसुंगीचा रस्ता, सायकलवरची पोरं.)

भा. रा. भागवतांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांचा बन्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो, जिभेनं ‘ट्टॉक’ करतो. इतकी पुस्तकं झाली तरी शाळकरीच. २००१ मध्ये भागवत गेले. बन्या मोठा झाला तो २०१७ मध्ये, सिनेमात. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण म्हणून. गंमत म्हणजे त्या सिनेमात भागवतही एक पात्र आहेत. ती भूमिका दिलीप प्रभावळकरांची. जुने प्रेक्षक त्यांना आजही चिं. वि. जोशींचा चिमणराव म्हणूनच ओळखतात.

लेखकच आपल्या नायकाच्या गोष्टीत राहायला आला, हे मला तरी आवडलं. डॉयलला कुणी असं होम्सच्या गोष्टीत नेऊन बसवलं असतं, तर त्यानं बहुधा तिथूनही काढता पाय घेतला असता.