हंसाच्या अंगावरची ऊ तुम्हाला दिसणार नाही, कारण…

हे पीस बघा. थांबा, जरा कॅमेऱ्याजवळ धरतो. खटाव तालुक्यात आमच्या पाहुण्यांच्या मळ्यावर राखणीला पांढरे हंस पाळलेत, त्यांचं हे. (चोराला कुत्र्याआधी तेच ओरडतात!) उन्हाकडे धरलं, तर दोन धाग्यांच्या मधल्या फटीत तिळाच्या टरफलासारखं काहीतरी आडवं पडलेलं. काडीनं डिवचलं, तर ते सरकलं की हो! ऊ.

आता हे पाळीव हंस म्हणजे मायणी-येरळवाडीच्या तलावांवर हिवाळ्यात येणाऱ्या पट्टकादंब या रानहंसांचे भाऊबंद. लांब मानेचा, चित्रातला राजहंस वेगळा, तो आपल्या तलावांवर दिसत नाही. पण त्याच्या उवांची गंमत भारी आहे.

पांढऱ्या राजहंसावर ऑर्निथोबियस नावाची ऊ असते. ती रक्त पीत नाही, पिसं कुरतडते. आणि रंगानं तीही पांढुरकीच. का? तर पक्ष्याची चोच हीच त्याची फणी. दिवसभर तो पिसं विंचरतो आणि सापडली ऊ की चिरडतो. पांढऱ्या पिसावर काळी ऊ किती दिवस टिकणार? २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी फिकट आणि गडद पक्ष्यांवरच्या उवा शेजारी ठेवून पाहिल्या. पांढऱ्या काकाकुव्यावर फिकट ऊ, काळ्यावर गडद.

पण डोक्यावरच्या उवांना हा नियम लागू नाही! कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोचतच नाही, तिथं पायानं खाजवायचं, बस्स. जिथं फणी फिरत नाही, तिथं रंग लपवायची गरजच काय? मला तर हा पुरावा सगळ्यात आवडला.

सगळ्याच उवा इतक्या निरुपद्रवी नसतात. ट्रिनोटॉन नावाची मोठी, चपळ ऊ रक्तही पिते, आणि हंसाच्या हृदयात राहणारा सार्कोनेमा नावाचा जंत एका हंसाकडून दुसऱ्याकडे तीच पोचवते.

आता कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगतो: या उवा माणसाच्या केसांत राहत नाहीत. त्यांना पीसच लागतं, पक्षी सुटला की काही दिवसांत मरतात. तरी आमच्या आईनं हे पीस घरात आणू दिलेलं नाही. म्हणून आजचा व्हिडिओ गच्चीवर.