खुनी राहिला बाजूला

नमस्कार श्रोतेहो,

मी बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’वर वाढलेला वाचक. रहस्यकथा हाती लागली की एका बैठकीत फडशा. पण इयान रँकिन यांची एक कादंबरी घेऊन बसलो, त्याला आज आठ दिवस झाले, तरी संपत नाही. कंटाळवाणी आहे म्हणाल, तर मुळीच नाही, झकास आहे. घोटाळा एवढाच, की ती घडते एडिनबरात आणि त्या गावात मी एक वर्ष काढलंय.

रँकिन यांचा इन्स्पेक्टर रीबस 1987 साली पहिल्यांदा पुस्तकात आला. एकलकोंडा, चिडका माणूस. घर मार्चमंट भागात, आर्डन स्ट्रीटवर. तिथून दोन गल्ल्या पलीकडे आम्ही चौघं राहायचो: मी, एक ग्रीक, एक नायजेरियन आणि एक अस्सल स्कॉटिश. जुनी दगडी इमारत, सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक जिना, आमचा तिसरा मजला. रीबस रात्री जिना चढायला लागला, की मला आमच्या ग्रीकाचे बूट ऐकू येतात. मग पुस्तक मिटतं, ते अर्धा तास.

या कादंबरीत चिमुकल्या शवपेट्या येतात. त्या मात्र खऱ्या आहेत बरं का! 1836 मध्ये आर्थर्स सीट नावाच्या टेकडीवर सशांमागे गेलेल्या पोरांना एका कपारीत अशा 17 पेट्या सापडल्या. प्रत्येकीत कपडे घातलेली लाकडी बाहुली. कुणी ठेवल्या, कशासाठी, आजवर उलगडलेलं नाही. त्यातल्या 8 तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. एका पावसाळी रविवारी (तिथे कोरडा रविवार कुठला म्हणा!) आम्ही त्या बघायला गेलो. ग्रीकानं लगेच चेटूक ठरवलं. नायजेरियन म्हणाला, “समुद्रात बुडालेल्यांच्या असतील. ज्यांची प्रेतं घरी आलीच नाहीत, त्यांच्या.” मी अर्नाळकरी थाटात संशयितांची यादी काढली. स्कॉटिश मित्र म्हणाला, “चहा प्यायचा का?”

रीबस त्या पेट्यांवरून कुठे पोचतो, ते सांगून तुमची मजा घालवत नाही. खरं म्हणजे मलाच अजून कळलेलं नाही.

ग्रीक आता मेलबर्नला असतो, नायजेरियन लागोसला. तिथे राहिलाय एकटा स्कॉटिश. किल्ल्यावर रविवार सोडून रोज दुपारी एकला तोफ उडते. दचकला तो पाहुणा, घड्याळ बघितलं तो गावकरी. आम्ही तिघं मार्चपर्यंत दचकत होतो. या थंडीच्या दिवसांत तिथला एक म्हणजे आपले साडेसहा. स्टुडिओतल्या घड्याळात आत्ता सहा अठ्ठावीस झालेत.

नमस्कार.