शंभर वारांच्या आत
निवेदन संहिता, बडोदा

(दृश्य: दांडिया बाजार, सकाळ. जुन्या घराचा लाकडी जिना. जेवणाच्या टेबलावर शाळेचं दप्तर उपडं केलेलं. हात दिसतात, चेहरा नाही.)

कंपासपेटी. डबा. पालकांची सही राहून गेलेली एक सूचनापत्रिका. आणि ही. पिवळी, बोटाएवढी लांब, एका टोकाला चपटी.

आईला वाटलं हायलायटर असेल. दोन दिवस ती पेनांच्या पेल्यात उभी होती. मग पेल्याला आंब्याचा वास यायला लागला. दिवाळी होऊन गेलेली, घरात आंबा सोडा, आमरसाचा डबासुद्धा नाही. हा वास कुठून येतो, एवढाच प्रश्न आधी पडला. मुलगा अकरावीत आहे. चेहरा आणि नाव दाखवायचं नाही, ही आईची अट आम्ही पाळतो आहोत.

(दृश्य: पेला. टोपण उघडल्याचा आवाज. दोन सेकंद शांत.)

(दृश्य: रावपुऱ्यातलं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. वरून कॅमेरा. हिरवी रबरी चटई, चिमटा, हीट गन.)

ती वस्तू म्हणजे ई-सिगारेट. आम्ही ती दुरुस्तीच्या टेबलावर नेली. कारागिराने रोज शंभर फोन उघडलेले, हे मात्र पहिल्यांदाच.

तळाची टोपी खटकन निघते. आतली सगळ्यात मोठी जागा बॅटरीची. लिथियमची, तुमच्या-आमच्या फोनमधल्या जातीचीच. मल्टिमीटर लावला तर अजून साडेतीन व्होल्टच्या वर दाखवते. म्हणजे रस संपला, बॅटरी शाबूत, आणि वस्तू मात्र फेकून देण्यासाठीच बनवलेली. कारागिराने ती बॅटरी हळूच बाजूला ठेवली. बडोद्यात कामाची वस्तू कोणी टाकत नाही.

मग ही नखाएवढी चकती. हा तर माइक, असं तो म्हणाला, आणि फारसं चुकलं नाही. फोनच्या माइकमध्ये असतो तसाच पातळ पडदा हिच्यातही आहे. तोंडाने ओढ घेतली की आतल्या हवेचा दाब घटतो, पडदा हलतो, सर्किट जुळतं, पुढची तार तापते. बटण नाही, काडी नाही, राख नाही. वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून हे करता येतं, ते या चकतीमुळे.

(दृश्य: चिमट्याने कापूस ओढताना. अगदी जवळून. हा शॉट लांब ठेवायचा.)

हा कापूस. देव्हाऱ्यातल्या वातीला तेल लागतं तसा याला रस लागतो. रसात असतं प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, आंब्या-पुदिन्याचा वास आणि निकोटिन. तार तापली की रसाचे बारीक थेंब हवेत तरंगतात. लोक त्याला वाफ म्हणतात. पाण्याच्या वाफेशी तिचं काही नातं नाही.

आता एक रसायनशास्त्राची गोष्ट. थोडी लांब आहे, पण तिच्यावाचून अकरावीतला मुलगा समजत नाही. बिडी-सिगारेटचा पहिला झुरका घसा जाळतो. खोकला येतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि बरीच मुलं तिथेच थांबतात. तो खोकला हा फुकटचा पहारेकरी होता. निकोटिनमध्ये बेन्झोइक आम्लासारखं आम्ल मिसळलं की त्याचा क्षार होतो, आणि तो घशाला फारच कमी झोंबतो. या आम्लाचा सोडियम क्षार आपण रोज खातो, सॉस आणि सरबतं टिकवायला तोच घालतात. अमेरिकेत २०१५ साली आलेल्या जूल या उपकरणाने निकोटिनच्या क्षाराची ही युक्ती घरोघर नेली. पहारेकरी गेला. खोक्यावर ५ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटिन. युरोपीय संघात २० मिलिग्रॅमच्या वर विकता येत नाही.

२००३ साली चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञाने आजच्या ई-सिगारेटचा पहिला नमुना बनवला, तो सिगारेट सुटावी म्हणून. टेबलावरच्या या आंब्याशी त्याचा किती संबंध उरला, ते तुम्हीच पाहा.

(दृश्य: छातीरोगतज्ज्ञांची बाइट, २० सेकंद.)

कोवळ्या वयात निकोटिनची सवय लवकर लागते, आणि मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते.

(दृश्य: शाळेचं फाटक. गुजरातीत पाटी: तंबाखूमुक्त संस्था. जमिनीवरून मोजपट्टी उलगडत जाते.)

या पाटीमागे २००३ चा कायदा आहे. अठरा वर्षांखालच्या कोणालाही तंबाखू विकायचा नाही, आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर वारांच्या आत तर कोणालाच नाही. शंभर वार म्हणजे साधारण ९१ मीटर. आम्ही पट्टी धरून मोजले. फाटक, सायकल स्टँड, झेरॉक्सवाला, शेवउसळची गाडी, आणि पट्टी संपते तिथे कडुलिंब. कडुलिंबाच्या पलीकडे पानाचा गल्ला.

(दृश्य: गल्ला. मावा चोळणारे हात.)

गल्ल्यावरचे काका तीस वर्षं तिथे बसतात. गल्लीतली निम्मी मुलं त्यांना नावाने माहीत आहेत. कुणाचा बाप कुठे नोकरीला, कुणाची आजी रोज देवळात जाते, सगळं पाठ. एखाद्या पोराने मावा मागितला तर संध्याकाळपर्यंत घरी कळतं. काका काही साधुसंत नाहीत, त्यांचाही धंदा आहे. पण त्यांच्या गल्ल्याला डोळे आहेत.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. नावं, क्रमांक, चित्रं धूसर केलेली. अंगठा वर सरकतो.)

इथे डोळे नाहीत. खात्यांची आणि दुकानांची नावं आम्ही झाकली आहेत, जाहिरात करायला आम्ही आलो नाही. फळांची चित्रं, बर्फाचे खडे, घरपोच, पैसे दारावर. आणि सुरुवातीलाच ही चौकट: तुमचं वय १८ पूर्ण आहे का? खाली दोन बटणं. हो. नाही.

'हो' दाबायला अर्धा सेकंद लागतो. इथवर सगळ्यांनाच माहीत आहे. पण ही चौकट मुळात तिथे का आहे? अठराच्या वरच्या माणसाला ही वस्तू विकणं भारतात चालतं, असा समज ती करून देते. तसं नाही. पन्नास वर्षांच्या माणसालाही ती विकता येत नाही.

(दृश्य: राजपत्राची पानं. कायद्याचं शीर्षक.)

१८ सप्टेंबर २०१९ ला आधी अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात, सगळ्याला बंदी. रसात निकोटिन असो वा नसो, आकार कोणताही असो. विक्रीच्या व्याख्येत ऑनलाइन व्यवहारही घेतला आहे, म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना फोन दिसत होता. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कागद पक्का आहे. गोची वेगळीच. जी वस्तू कोणालाच विकायची नाही, तिच्यासाठी गिऱ्हाइकाचं वय तपासण्याची यंत्रणा कोण उभी करील? परवानाधारक दुकान नाही, त्यामुळे जाब विचारायला दुकानदार नाही. वय विचारणारी ती चौकट तर गुन्हा करणाऱ्यानेच लावलेली.

गुजरातेत बंदी आणि घरपोच हे दोन शब्द एका वाक्यात ऐकायची कानांना सवय आहे. राज्य झाल्यापासून इथे दारूबंदी आहे, अधिक बोलायला नको. त्यावरून कोणी म्हणतं, बंदी उठवा, परवाने द्या, मग वय तपासा. या माहितीपटाला ते पटत नाही. ज्या वस्तूचा खोकला काढून घेतला आहे, तिला परवाना देऊन काय मिळणार?

(दृश्य: न्यायमंदिर, लहरीपुरा बाजू. कबुतरं. बंद दारं.)

कोर्ट इथून हललं, इमारत उभी आहे. वयाचा कायदा बडोद्याला नवा नाही. १९०४ साली सयाजीराव महाराजांनी बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला: मुलगी बारा, मुलगा सोळा, त्याआधी लग्न नाही. आजच्या मानाने आकडे लहान वाटतील, तेव्हा संस्थानात केवढी खळबळ झाली. आणि लग्नं होतच राहिली. मांडव, वाजंत्री, जेवणावळ, त्यात दंड हा आणखी एक खर्च. पण त्या कायद्याची एक सोय होती. लग्न लपत नाही. वरात रस्त्यावरून जाते.

(दृश्य: नकाशा. मुंद्रा, सुरत, बडोद्याजवळून जाणारा महामार्ग. पुढचे कंटेनर संग्रहित चित्रफितीतले.)

पार्सलची वरात निघत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंद्रा बंदरात एक कंटेनर उघडला. कागदावर फरशी पुसायचे मॉप. आत चिनी बनावटीच्या दोन लाखांवर ई-सिगारेटी, किंमत सुमारे ४८ कोटी रुपये. त्याच महिन्यात सुरतेकडेही मोठा साठा सापडला होता. बंदरावर पकडायला माल ढिगाने असतो, कुत्री असतात, स्कॅनर असतात. तोच माल सुटा होऊन कुरियरच्या पिशवीत पडला की तो दोनशे ग्रॅमचं पाकीट होतो.

२०२३ च्या मेमध्ये आरोग्य मंत्रालयाने जाहीर सूचना काढली, जुलैमध्ये १५ संकेतस्थळांना नोटिसा गेल्या. तेव्हाच्या नियमांप्रमाणे सरकारी आदेश मिळाल्यावर मजकूर उतरवायला ३६ तास. नवं खातं उघडायला किती वेळ लागतो, ते कोणत्याही दहावीतल्या मुलाला विचारा.

(दृश्य: कुरियरचं गोदाम, मकरपुरा. पहाट. पट्ट्यावरून सरकणारी पार्सलं. स्कॅनरचा टुक-टुक आवाज. संगीत बंद.)

हे आमचं सगळ्यात आवडतं दृश्य, म्हणून जरा थांबतो. पार्सल उतरतं. स्कॅन. वजन. पिनकोड. ३९०००१ डावीकडे, ३९०००७ उजवीकडे. लेबलवर आतल्या वस्तूचं नाव: अ‍ॅक्सेसरीज. अ‍ॅक्सेसरीज म्हणजे चार्जर, कानातली, कुत्र्याचा पट्टा, आणि हेही. पट्ट्यापाशी उभ्या मुलाला प्रत्येक पार्सलमागे काही सेकंद मिळतात. त्याने आत काय आहे ते ओळखावं, अशी अपेक्षा धरणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग पिशवी, दुचाकी, गल्ली. पोचवणारा फोन करतो, खाली ये, ओटीपी सांग. ओटीपीने फोन कोणाचा ते कळतं. हात कोणाचा ते कळत नाही. क्लास सुटायच्या वेळी फतेहगंजात उभे राहून आम्ही पाहिलं: कोपऱ्यावर दुचाकी, चार आकडे, पाकीट दप्तरात. त्यातल्या एखाद्या पाकिटात वही असेल, बूट असतील. तेच तर. बाहेरून सगळी सारखीच.

आम्ही स्वतः मागवून पाहिलं नाही. मागवून दाखवलं असतं तर चित्र झकास मिळालं असतं आणि आम्ही वकिलाच्या दारात उभे राहिलो असतो.

(दृश्य: पोचवणारा तरुण, पाठमोरा. बाइट, ३० सेकंद. त्यानंतर अमेरिकेतल्या कायद्याचं शीर्षक, पडद्यावर.)

अमेरिकेत ही वस्तू २१ वर्षांवरच्याला विकता येते, तिथली गोष्ट निराळी. पण डिसेंबर २०२० च्या कायद्याने त्यांनी दाराशी अट घातली: ऑनलाइन विकताना वय तपासा, आणि पार्सल देताना प्रौढ माणसाची सही घ्या, ओळखपत्र पाहून. २०२१ मध्ये काही अपवाद सोडता टपालातूनच ती पाठवणं बंद केलं. चोरवाटा तिथेही आहेत. तरी पाकीट हातात ठेवणाऱ्यालाही तिथे एक प्रश्न विचारावा लागतो.

आपल्याकडे वाहतूकही बंदीत आहे. तर मग माल स्वीकारताना पाठवणाऱ्याचं ओळखपत्र, अ‍ॅक्सेसरीजऐवजी वस्तूचं खरं नाव, आणि पुन्हापुन्हा पकडल्या जाणाऱ्या खात्याचं पैसे घेणंच बंद, एवढं मागायला नवा कायदा लागत नाही. पैसे कोणत्या तरी खात्यात जातातच. त्या खात्याला मालक असतो.

(दृश्य: पुन्हा दांडिया बाजार. दुपार. त्याच घराचा जिना. घंटा वाजते.)

पार्सल आलं आहे. आजी कठड्याला धरून तीन पायऱ्या उतरतात. पोचवणारा खालूनच म्हणतो, माजी, ओटीपी. आजी चष्मा कपाळावरून खाली ओढतात, आकडे एकेक करून मोठ्याने वाचतात, एकदा चुकतात, पुन्हा वाचतात. स्कॅनर टुक करतो.

आत शेवेच्या सोऱ्याची नवी जाळी आहे. लेबलवर लिहिलं आहे: अ‍ॅक्सेसरीज.

(दृश्य: आजी पाकीट दातांनी फाडतात. मागे टेबलावर रिकामा पेनांचा पेला. काळा पडदा.)