ऑडिटच्या आदल्या दिवशी

नमस्कार श्रोतेहो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात परदेशी ग्राहकाचं ऑडिट, म्हणजे कामगारांच्या स्थितीची तपासणी, ठरलं, की आदल्या दिवशी एकच धावपळ उडते. हजेरीपट नीट लावले जातात, प्रथमोपचार पेटीत नवा कापूस येतो, मागच्या दारापुढे रचलेल्या सुताच्या गोण्या हलवल्या जातात.

आपला टेरी टॉवेल युरोप-अमेरिकेत विकला जातो. तिथली मोठी दुकानं आता कामगाराचं वय, पगार आणि कामाचे तासही विचारतात. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं गेली, तेव्हापासून ही विचारणा कडक झाली. पूर्वी गिरणीत जॉबरचा, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाचा, शब्द चालायचा. आता नेमणूकपत्र, वयाचा दाखला, पीएफचा नंबर फायलीत लागतो. हा बदल मला मनापासून हवासा वाटतो.

पण तोच ग्राहक पुढच्या ऑर्डरला भाव पाडून मागतो आणि मुदतही कमी देतो, तेव्हा भार येतो मागावरच्या माणसावर. नगावर मजुरी असलेल्याला ऑर्डर घटली की घरखर्च भागवणं अवघड. काम बाहेरच्या छोट्या शेडमध्ये दिलं, तर तिथवर ऑडिट पोचतच नाही. शिवाय आपल्या कितीतरी विणकरांच्या घरात तेलुगू बोलतात. सुपरवायझर शेजारी उभा, प्रश्न हिंदीत; अशा वेळी माणूस ‘सब ठीक है’ म्हणूनच मोकळा होणार!

आता उलटी बाजू पाहा, आपला उद्योजक परदेशात मालक होतो तेव्हाची. इंजिनाचे भाग बनवणाऱ्या सोलापूरच्याच प्रिसिजन कॅमशाफ्ट्स कंपनीनं २०१८ साली जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या कंपन्या घेतल्या. जर्मनीत पाच कामगार असले, तरी त्यांना आपली कामगार परिषद निवडता येते आणि कामाच्या वेळा ठरवताना मालकाला तिची संमती घ्यावी लागते. तिथे जाणाऱ्या प्रत्येक उद्योजकाला हा नियम पाळावा लागतो.

आपल्याकडेही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी वर्क्स कमिटीची तरतूद होती. तिला जर्मनीइतके अधिकार नव्हते, पण मालक आणि कामगार समोरासमोर बसण्याची सोय होती. माझं मालकांना कळकळीचं सांगणं आहे: कामगार पन्नास असोत की पंधरा, अशी कमिटी आपणहून नेमा. तिच्यात वायंडिंगवरच्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या, आणि शिलाईवरच्या बायकाही घ्या. बैठक कामाच्या वेळेत घ्या, मजुरी न कापता, आणि बोलणं तेलुगूत, मराठीत, कन्नडमध्ये होऊ द्या.